फॅसिलिटी सॉफ्टवेअरची तुलना कशी करावी: डेमोला भुलण्याआधीची कामं

फॅसिलिटी सॉफ्टवेअर म्हणजे इमारती, त्यांतली यंत्रं आणि जागा सांभाळायचं सॉफ्टवेअर. ते निवडताना पाच विक्रेत्यांना ‘हे तुमच्याकडे आहे का’ अशा दीडशे प्रश्नांची यादी पाठवली, तर पाचही जण जवळजवळ प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ लिहून पाठवतात. यात कोणी खोटं बोलत नसतं. एकाच्या ‘हो’चा अर्थ असतो ‘तयार आहे’, दुसऱ्याचा ‘वेगळं मॉड्यूल घेतलंत तर आहे’ आणि तिसऱ्याचा ‘पैसे द्या, बनवून देतो’. तक्त्यात मात्र तिघेही सारखेच दिसतात आणि मग निवड होते ती स्क्रीनच्या रंगावर किंवा पहिल्या वर्षाच्या किमतीवर. ते टाळायचं असेल तर पुढच्या क्रमाने जा. पहिल्या तीन पायऱ्यांत एकाही विक्रेत्याला फोन करायची गरज नाही.

## १. आपलं दुखणं कुठल्या खान्यात बसतं ते ओळखा

या बाजारात नावांचा गोंधळ मोठा आहे, म्हणून आधी खाने समजून घ्या.

सीएमएमएस म्हणजे देखभालीचं सॉफ्टवेअर: तक्रारी, वर्क ऑर्डर (एकेका कामाचा हुकूम आणि त्याची नोंद), ठरावीक देखभालीचं वेळापत्रक, स्पेअर पार्ट. ईएएम त्याच्या पुढचं. त्यात यंत्राच्या खरेदीपासून भंगारापर्यंतचा हिशेब येतो आणि ते कारखाने, वीजकेंद्रं यांच्या पठडीतलं असतं. सीएएफएममध्ये देखभालीला मजल्यांचे नकाशे आणि जागेची नोंद जोडलेली असते. आयडब्ल्यूएमएस हे सगळ्यात जड: भाडेकरार, बांधकाम प्रकल्प, जागा, देखभाल, ऊर्जा असं सगळं एका छताखाली. आणि वर्कप्लेस ऍप म्हणजे टेबल आणि मीटिंग रूमचं बुकिंग, पाहुण्यांची नोंद वगैरे.

इमारतीतल्या एसी, पंप, दिव्यांवर थेट नियंत्रण ठेवणारी बीएमएस यंत्रणा यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. ‘आमच्याकडे बीएमएस आहे, आता वेगळं सॉफ्टवेअर कशाला’ असं कोणी म्हणालं तर उत्तर सोपं आहे: पंप बंद पडला हे बीएमएस सांगेल, तो कोणी, कधी, कुठला पार्ट घालून दुरुस्त केला हे सांगणार नाही.

दोनच इमारती आहेत आणि मुख्य त्रास तक्रारी हरवण्याचा आहे, अशा संस्थेने आयडब्ल्यूएमएस घेतलं की वर्षभर सेटिंगच चालतं. उलट, शंभरेक भाडेकरारांच्या मुदती सांभाळायच्या असताना सीएमएमएस घेतलं तर करार पुन्हा एक्सेलमध्येच राहतात. म्हणून सगळ्यात जास्त पैसा किंवा वेळ जिथे वाया जातो अशा तीन गोष्टी लिहा. तीनच. चौथी सुचली तर आधीच्या तिघींपैकी एक खोडा.

## २. कागद आणि याद्या जमवा

- जागांची यादी: परिसर, इमारत, मजला, खोली अशा उतरंडीत
- यंत्रांची यादी: मेक, मॉडेल, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख, वॉरंटी, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) मुदत
- मागच्या १२ महिन्यांच्या तक्रारी, आहेत तशा. वहीतल्या, ईमेलमधल्या, चॅटमधल्यासुद्धा
- देखभालीच्या चेकलिस्ट आणि लॉगशीट
- कायद्याने बंधनकारक तपासण्यांची यादी: लिफ्ट, अग्निशमन, प्रेशर व्हेसल इत्यादी
- मजल्यांचे नकाशे, शक्यतो डीडब्ल्यूजी (कॅड ड्रॉइंगच्या फाइलच्या) स्वरूपात
- कोण काय वापरणार याची गणती: टेक्निशियन, सुपरवायझर, बाहेरचे कंत्राटदार, नुसती तक्रार नोंदवणारे कर्मचारी
- आधीपासून चालू असलेल्या यंत्रणा: कॅलेंडर, एचआर, लेखा, ऍक्सेस कंट्रोल

याद्या पूर्ण असायलाच हव्यात असं नाही, पण खऱ्या हव्यात. यंत्रांच्या यादीत देखभाल, वॉरंटी किंवा कायदेशीर तपासणी लागणाऱ्याच वस्तू घ्या. खुर्च्या आणि कचऱ्याचे डबे घातले की यादी फुगते आणि सहा महिन्यांत तिच्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडतो.

यंत्राच्या नंबरात जागेचा संकेत घालू नका. ‘बी२-०३-एएचयू-०१’ (बी२ इमारत, तिसरा मजला, पहिला एएचयू म्हणजे एसीची हवा खेळवणारं यंत्र) छान दिसतं, पण तेच यंत्र उद्या चौथ्या मजल्यावर हलवलं की एकतर नंबर खोटा ठरतो किंवा नंबर बदलून जुना इतिहास तुटतो. नंबर अर्थहीन ठेवा आणि जागेसाठी वेगळा रकाना करा.

आता एक्सेलबद्दल. ‘०००४१२’ हा नंबर असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी त्याचा ‘४१२’ होतो. १५ अंकांपेक्षा लांब सिरियल नंबरचे शेवटचे अंक शून्य होऊन बसतात, कारण एक्सेल संख्येचे १५च अंक धरून ठेवतं. ‘०३/०४’ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून नंबरांचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करा, तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा आणि फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या संकेतपद्धती) मध्ये साठवा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘तिसरा मजला’, ‘३ रा मजला’ आणि ‘थर्ड फ्लोअर’ ही सॉफ्टवेअरच्या लेखी तीन वेगळी ठिकाणं आहेत, तेही आत्ताच एकसारखं करा. नकाशांचं म्हणाल तर खोलीची रेषा पूर्ण बंद नसेल तर सॉफ्टवेअर क्षेत्रफळ काढू शकत नाही. एक मजला ड्राफ्ट्समनकडून नीट करून घ्या, तुलनेपुरतं तेवढं पुरतं.

## ३. प्रश्नांच्या यादीऐवजी प्रसंग लिहा

‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बिघाडाआधीची ठरावीक देखभाल) आहे का?’ या प्रश्नाला अर्थ नाही, कारण ते सगळ्यांकडे असतं. त्याऐवजी आठ-दहा प्रसंग लिहा आणि ‘हे आमच्यासमोर करून दाखवा’ म्हणा. निवड ज्यांवर खरोखर फिरते असे काही प्रसंग इथे देतो.

तारीख चुकलेली देखभाल. एएचयूचा फिल्टर दर महिन्याच्या १ तारखेला साफ करायचा आहे. या वेळी काम २० तारखेला झालं. पुढची वर्क ऑर्डर कधीची पडते? वेळापत्रक पक्कं असेल तर पुढच्या १ तारखेची, म्हणजे दहा-बारा दिवसांत पुन्हा तेच काम. सरकतं असेल तर पुढच्या २० तारखेची. लिफ्टच्या कायदेशीर तपासणीला पक्कं हवं, तिथे सरकतं चालणार नाही. फिल्टरला सरकतं बरं. दोन्ही प्रकार हवेत आणि प्रत्येक कामाला वेगळे लावता यायला हवेत.

एकावर एक पडणारी कामं. त्याच यंत्राची मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक देखभाल एकाच महिन्यात आली. वार्षिक चेकलिस्टमध्ये मासिक कामं असतातच. सॉफ्टवेअर तीन वर्क ऑर्डर काढतं की एकच? तीन काढत असेल तर टेक्निशियन एकदा काम करून तीनदा टिक मारणार, आणि तुमच्या रिपोर्टमधले आकडे पहिल्या तिमाहीपासूनच फुगीर होणार.

तास-मीटर. डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) ऑइल, समजा, २५० तास किंवा ६ महिने, जे आधी येईल तेव्हा बदलायचं आहे. ‘जे आधी’ ही अट लावता येते का? आणि मीटरच बदलला, रीडिंग पुन्हा शून्यावर आलं, तर काय होतं? कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये वापराचे तास उणे दिसतात आणि पुढची वर्क ऑर्डर कधीच निघत नाही. हा प्रसंग डेमोत विचारलात की समोरच्याने यंत्रांची देखभाल खरंच पाहिली आहे की नुसतं सॉफ्टवेअर विकलंय, ते लगेच कळतं.

एसएलएचं (तक्रार किती वेळात सोडवायची या ठरलेल्या मुदतीचं) घड्याळ. कामाची वेळ ९ ते ६, शनिवार-रविवार सुट्टी, आणि तक्रार ८ कामाच्या तासांत सोडवायची आहे. तक्रार शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आली. मुदत सोमवारी साडेचारला संपायला हवी, कारण अर्धा तास शुक्रवारी गेला. पण सॉफ्टवेअर सलग तास मोजत असेल तर ते शनिवारी पहाटे दीडलाच ‘मुदत चुकली’ म्हणून लाल खूण करेल. आता पुढे: सोमवारी ११ वाजता पार्टची वाट पाहायची म्हणून काम थांबवलं, पार्ट बुधवारी १० वाजता आला. तोवर अडीच तास खर्च झालेत, साडेपाच उरलेत. नवी मुदत बुधवारी दुपारी साडेतीन. हे उत्तर आधी कागदावर काढून ठेवा आणि डेमोत ताडून पाहा. घड्याळ कोण थांबवू शकतं, हेही विचारा. टेक्निशियनला कारण न देता थांबवता येत असेल तर तुमच्याकडे एकही एसएलए कधीच चुकणार नाही. कागदावर.

मधली भिंत सरकवता येणारी खोली. ‘अ’ आणि ‘ब’ मिळून एक मोठा हॉल होतो. ‘अ’ बुक झाली की मोठा हॉल आपोआप अडायला हवा, पण ‘ब’ मोकळी राहायला हवी. दिसायला साधं, पण बरीच बुकिंग ऍप इथे घसरतात. त्याला जोडूनच बघा: दर सोमवारची मीटिंग लावणारा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याची पुढची बुकिंग कोण रद्द करतं? आणि १०-१५ मिनिटांत कोणी चेक-इन केलं नाही तर खोली आपोआप मोकळी होते का? या दोन गोष्टी नसतील तर खोल्या रिकाम्या आणि कॅलेंडर भरलेलं, हे चित्र बदलत नाही.

तुमचे स्वतःचे प्रसंग तक्रारींच्या यादीतून काढा. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पाच तक्रारी घ्या, आणि सगळ्यात जास्त रेंगाळलेल्या पाच.

## ४. डेमो तुमच्या डेटावर घ्या

तीन, फार तर चार विक्रेते निवडा. प्रत्येकाला सारखीच फाइल द्या: एक इमारत, एक मजला, ५० यंत्रं, १०० जुन्या तक्रारी. सोबत प्रसंगांची यादी आणि आठवड्याची मुदत. ‘आधी आमचं सादरीकरण दाखवू’ म्हणाले तर शेवटची दहा मिनिटं द्या, सुरुवातीची देऊ नका.

खोलीत दोन टेक्निशियन आणि हेल्पडेस्कवरचा एक माणूस असायलाच हवा. फोन टेक्निशियनच्या हातात द्या आणि सांगा: यंत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन कर, काम उघड, फोटो जोड, पार्ट नोंदव, काम बंद कर. किती टॅप लागले ते मोजा. ग्रीस लागलेल्या हाताने पंधरा टॅप करायला लागणार असतील तर तो संध्याकाळी चहा पिताना एकदम सगळी कामं बंद करेल आणि वेळेच्या नोंदींना काही अर्थ उरणार नाही.

मग तोच फोन घेऊन पंपरूममध्ये किंवा तळघरात जा, नेटवर्क नाही अशा जागी. काम उघडतं का? फोटो साठतो का? वर आल्यावर आपोआप जातो का? आणि मधल्या वेळेत सुपरवायझरने तेच काम वरून बदललं असेल तर दोघांपैकी कोणाची नोंद टिकते? ‘ऑफलाइन चालतं’ या वाक्यात बऱ्याचदा फक्त वाचणं चालतं, लिहिणं नाही.

प्रत्येक प्रसंगापुढे चारपैकी एकच शेरा लिहा: तयार आहे, सेटिंगने होतं, वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागेल, होत नाही. ‘पुढच्या आवृत्तीत येणार’ हा ‘होत नाही’ धरा.

## ५. जोडण्या तपासा

कॅलेंडरची जोडणी दोन्ही बाजूंनी तपासा. कॅलेंडरमध्ये खोली बुक करा, सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ती बदला, मग कॅलेंडरमधून मीटिंग पुसा. दोन्हीकडे तेच दिसतं का, आणि दिसायला किती मिनिटं लागतात? पाच मिनिटांच्या उशिरातही एकाच खोलीवर दोन मीटिंग बसतात.

कर्मचाऱ्यांची यादी एचआरकडून आपोआप यावी आणि नोकरी सोडलेल्याचं खातं आपोआप बंद व्हावं. सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगइनने सगळीकडे प्रवेश) पुष्कळदा फक्त महागड्या प्लॅनमध्ये असतं, म्हणून दरपत्रक मागतानाच त्याचं नाव घ्या. बीएमएस जोडायचं असेल तर बॅकनेट आणि मॉडबस या यंत्रांच्या आपसांतल्या संवादपद्धतींबद्दल विचारा, पण पहिल्याच वर्षी प्रत्येक अलार्मवर वर्क ऑर्डर काढायचा मोह आवरा. एकच सेन्सर बिघडला तर रात्रीत शेकडो वर्क ऑर्डर पडतात. तोच अलार्म पुन्हा आला तर उघड्या वर्क ऑर्डरलाच जोडला जातो का, एवढं पाहून ठेवा.

एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने डेटा मागायचा किंवा द्यायचा मार्ग) आहे म्हणाले तर त्याची कागदपत्रं मागा आणि आपल्या आयटीवाल्यांना वाचायला द्या. तासाला किती विनंत्यांची मर्यादा आहे आणि एपीआयचे वेगळे पैसे पडतात का, हे तेच विचारतील.

## ६. पाच वर्षांचा हिशेब मांडा

दर कशावर लागतो ते आधी बघा. नावनिशी युजरवर असेल तर तीन पाळ्यांतल्या ३६ टेक्निशियनसाठी ३६ लायसन्स लागतात. एका वेळी लॉगइन असणाऱ्यांवर असेल तर कदाचित १४ पुरतील. क्षेत्रफळावर असेल तर रिकाम्या मजल्याचेही पैसे भराल. यंत्रांच्या संख्येवर असेल तर प्रत्येक सेन्सर हे ‘यंत्र’ धरलं जातं का, ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नुसती तक्रार नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यांना लायसन्स लागतं का? लागत असेल तर बाकीचा हिशेब बाजूला ठेवा, कारण खरा आकडा तोच असतो.

एक नमुना, पैशाऐवजी एककांत. पहिल्या सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षाला १००, पाच वर्षं स्थिर. उभारणी ६०, जोडण्या ५०. बेरीज ६१०. दुसऱ्याची वर्गणी ७०, पण दर वर्षी १० टक्के वाढ, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ४२७. उभारणी १२०, जोडण्या ८०, जोडण्यांची देखभाल वर्षाला १५ प्रमाणे ७५. बेरीज ७०२. पहिल्या दिवशी ३० टक्के स्वस्त वाटलेलं पाच वर्षांत ९२ एककांनी महाग पडलं. यात तुमच्या माणसांचा वेळ अजून धरलेलाच नाही. याद्या साफ करणं, क्यूआर चिकटवणं, प्रशिक्षण, या कामाला कोणाचे किती दिवस जाणार ते नावानिशी लिहा.

## ७. सुरक्षा

हे लवकर आटोपतं. आयएसओ २७००१चं (माहिती-सुरक्षेच्या व्यवस्थेचं) प्रमाणपत्र मागा आणि त्यात कुठली सेवा अंतर्भूत आहे ते वाचा. त्यात विक्रेत्याचं फक्त एखादं कार्यालय येतं आणि सॉफ्टवेअर येत नाही, असंही होतं. एसओसी २ (बाहेरच्या लेखापरीक्षकाने केलेल्या सुरक्षा तपासणीचा) अहवाल असेल तर टाइप २ मागा. टाइप १ एका दिवसाची स्थिती सांगतो, टाइप २ काही महिन्यांचं वागणं. टेबल बुकिंग आणि सेन्सरमधून कोण कधी कुठे बसलं याची नोंद तयार होते. ती किती दिवस ठेवली जाते आणि कोणाला दिसते, हे कर्मचाऱ्यांना सांगता आलं पाहिजे.

## ८. गुण द्या, पण सरासरीवर विसंबू नका

आधी दोन-तीन अटी अशा ठेवा की त्या चुकल्या तर विक्रेता थेट बाद: ऑफलाइन नोंद, डेटा परत मिळण्याची हमी, सिंगल साइन-ऑन. उरलेल्यांना १००पैकी वजन वाटा. उदाहरणार्थ प्रसंग ४०, मोबाइलचा वापर २०, पाच वर्षांचा खर्च २०, जोडण्या १०, मदत-सेवा १०. ही वजनं डेमोच्या आधी ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्या. डेमोनंतर ठरवलेली वजनं आवडलेल्या सॉफ्टवेअरकडे आपोआप झुकतात.

प्रत्येकाने एकट्याने गुण भरायचे, मग एकत्र बसायचं. टेक्निशियनने १ दिला आणि लेखा विभागाने ५, तर सरासरी ३ येते आणि सगळं ठीकठाक वाटतं. जिथे दोन गुणांपेक्षा जास्त अंतर असेल तिथे थांबून कारण विचारा.

## ९. एका इमारतीत चालवून पाहा

सहा ते आठ आठवडे, एकच इमारत, खऱ्या तक्रारी. या काळात जुनी वही बंद करा. दोन्ही चालू ठेवली तर लोक वहीच वापरतात. तीन आकडे बघा: किती तक्रारी सॉफ्टवेअरबाहेर, फोनवर किंवा चॅटवर आल्या, किती कामं सुरू झाली त्याच दिवशी बंद झाली, आणि किती वर्क ऑर्डरमध्ये बिघाडाचं कारण ‘इतर’ लिहिलंय. ‘इतर’ पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं तर कारणांची यादी चुकली आहे, माणसं नाहीत. वीस-पंचवीस कारणांची यादी चालते. दोनशेची यादी कोणीही खाली सरकवत बसत नाही.

## १०. सही करण्याआधी करारात हे बघा

डेटा परत मिळणं. ‘एक्सपोर्ट मिळेल’ एवढ्यावर थांबू नका. वर्क ऑर्डर, फोटो, जोडलेले पीडीएफ आणि त्यांचा एकमेकांशी संबंध सांगणारे क्रमांक, हे सगळं मिळायला हवं. नुसते पाच हजार फोटो एका फोल्डरमध्ये मिळाले तर कुठला कुठल्या यंत्राचा हे शोधता येत नाही. चाचणीच्या काळातच एकदा पूर्ण एक्सपोर्ट मागून उघडून पाहा.

अपटाइम, म्हणजे सॉफ्टवेअर चालू राहण्याचं प्रमाण. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ९९.५ म्हणजे जवळजवळ ४४ तास. त्यातून ‘नियोजित देखभाल’ वगळली आहे का, आणि ती तुमच्या कामाच्या वेळेत तर येत नाही ना?

दरवाढ. कमाल टक्केवारी आकड्यात लिहून घ्या. ‘बाजारभावाप्रमाणे’ हे शब्द खोडा.

मालकी बदलली तर. या क्षेत्रात कंपन्या सारख्या विकत घेतल्या जातात. आयबीएमने मॅक्सिमो हे ईएएम बनवणारी कंपनी २००६ मध्ये आणि ट्रिरिगा ही आयडब्ल्यूएमएस बनवणारी कंपनी २०११ मध्ये घेतली. आयऑफिस, स्पेसआयक्यू आणि कोंडेको एकत्र येऊन २०२२ मध्ये इप्चुरा झाली. एफएम:सिस्टम्स २०२३ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सकडे गेली. मालक बदलून उत्पादन बंद झालं किंवा जबरदस्तीने दुसऱ्यावर हलवलं, तर उरलेल्या मुदतीची रक्कम परत आणि स्थलांतर विक्रेत्याच्या खर्चाने, असं कलम मागा. सगळे देत नाहीत, पण मागितल्यावर निदान नोटिशीची मुदत तरी ९० दिवसांवरून १८० पर्यंत वाढवून घेता येते.

मुदतवाढ. करार आपोआप पुढे सरकत असेल तर नकार कळवण्याची शेवटची तारीख शोधा आणि नवीन सॉफ्टवेअरमध्ये पहिली वर्क ऑर्डर तिचीच काढा, त्या तारखेच्या दोन महिने आधीची.